हमीदाआपाची पिल्लं

हमीदाआपा गेल्याचं मला आरिफच्या फोनवरून कळलं. आरिफ तिचा एकुलता मुलगा, धुळ्याला गॅरेजमध्ये काम करतो. "बाई, अम्मी गेली," एवढंच म्हणाला. त्याला आता सव्वा महिना होत आला.

धरणगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. ती ब्लाउज, झबली शिवून घर चालवणारी विधवा. तिच्या अंगणात पांढऱ्या, लांब मानेच्या राजहंसांची एक जोडी होती. गेल्या वर्षी मादीनं पाच पिल्लं काढली आणि दोनच दिवसांत कुत्र्यांनी मादीला ओढून नेलं. आपानं खोक्यात चिंध्या अंथरल्या, वर बल्ब टांगला आणि पिल्लं वाढवायला घेतली. ज्वारीची कणी मऊ शिजवून द्यायची. मेथीची पानं अगदी बारीक चिरून उथळ ताटलीतल्या पाण्यावर सोडायची. पानामागे चोच बुडवता बुडवता पिल्लं पाणी प्यायला शिकतात, असं ती सांगायची. शिवणाचं मशीन चालू असलं की पाचही पिल्लं तिच्या पायाशी दाटीवाटीनं झोपायची.

पिल्लं आठवड्याची झाली तेव्हा ती एकदा धुळ्याला निघाली. आरिफला भेटून संध्याकाळी येते म्हणाली. खाणं कधी, किती, सगळं नीट समजावून पिल्लं माझ्याकडे ठेवली. दुपारी ऊन तापलं. पाण्यातली जात, पोहू दे, म्हणून मी टब भरला. ती पोहायला लागल्यावर मला इतकं कौतुक वाटलं की मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. आईच्या पंखांचं तेल अंगाला लागलं तरच पिल्लांची लव पाण्यात कोरडी राहते, हे मला ठाऊक नव्हतं. टबाच्या कडेशी चाललेली धडपड मला खेळ वाटली. बाहेर काढली तेव्हा दोघांनी माना टाकल्या होत्या. टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून बसले... पण ती गेली.

आपा दिवेलागणीला आली. उरलेली तीन तिनं ओढणीत घेऊन पोटाशी धरली. मी हुंदके देत होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या अहिराणीत, न सांगितल्याचा सगळा दोष स्वतःकडे घेतला. "रडू नका बाई. चूक मनी शे. मी तुमले सांगालेच जोयजे व्हतं."

पुढे ती तिघं मोठी झाली. आपा मात्र वाळत गेली. विचारलं की शुगर आहे म्हणायची. मी विश्वास ठेवला.

परवा आरिफ घर आवरायला आला होता. तिची फाइल हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला तिनं सांगितलंच नव्हतं?" पिल्लं माझ्याकडे ठेवून गेली, त्याच दिवशी सकाळी धुळ्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर फार पसरल्याचं तिला तोंडावर सांगितलं होतं. लगेच दाखल व्हा म्हणाले होते. पण पिल्लं बाईंकडे आहेत म्हणत ती दुपारच्या बसनं निघून आली.

आरिफ गेल्यावर मी तिच्या मशीनपाशी बसून राहिले. त्या संध्याकाळी तिनं मला आलं घालून चहा करून दिला होता, समोर बसून पाजला होता. कप देताना तिचा चेहरा कसा होता, हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघते. आठवत नाही. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं... मी माझेच डोळे पुसत होते.