तळ्याकडचा अर्धा भाग

थंडीत आमच्या गच्चीवरून दुर्गापुऱ्यामागचं रान दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. मग धुक्याचाच एखादा तुकडा हलतो, त्याला कान फुटतात, आणि रोही उभा राहतो. इथले हिंदी बोलणारे लोक त्याला नीलगाय म्हणतात. आमच्या अकोल्याकडे रोही दिसला की शेतकरी गोफण शोधतो. मी मात्र चहा निवेपर्यंत बघत बसायचो. फरशीच्या धंद्यात दिवसभर ओरडावं लागतं. सकाळचा तो वेळ पाण्याखालून चालल्यासारखा जायचा. कळप तळ्यावर उतरायचा, आणि पाणी कुठे संपलं, जनावर कुठे सुरू झालं, ते कळायचं नाही.

उद्यान समितीने ठरवलं, तिथे बाग करायची, तळ्यात होड्या सोडायच्या, रोही दूर जंगलात नेऊन सोडायचे. रहिवाशांच्या सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, एक इंच देणार नाही. मनात हिशेब वेगळा होता: तळं आणि भोवतीच्या बाभळी राहिल्या की बस्स. सगळं मागितल्याशिवाय हवं ते मिळत नाही, हे मी हातगाडीवर फरशा विकताना शिकलोय.

समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "भाईसाहब, दुकान पर भी ऐसे ही लड़ते हैं?"

"दुकान पर चाय पिलाकर लड़ता हूँ."

सभा हसली. "चलिए," ते म्हणाले, "आधी ज़मीन नीलगायों की, आधी बाग की."

मी लगेच हात मिळवला. आमच्या बाजाराची रीतच आहे: लाद्यांच्या ढिगाचे ज्याने दोन भाग केले, त्याने निवडायचं नाही. आधी उचलायचं समोरच्याने. वाटणी त्यांनी केली, म्हणजे निवड माझी.

दुसऱ्या दिवशी मी तळ्याकडचा भाग सांगायला समितीच्या कचेरीत गेलो, तर नकाशावर रेघ मारून झाली होती. तळं बागेत. रोह्यांना रस्त्याकडची कोरडी जमीन.

मी टेबलावर हात आपटला. बाजाराची रीत सांगितली.

"यह बाज़ार नहीं है जी," ते शांतपणे म्हणाले.

बाजार नव्हता, तर अर्धं-अर्धं कशाला केलंत? हे मी आजही विचारतो. निवड माझी होती.

त्या रेघेवर भिंत उठली. कळप रोज पहाटे तिच्याशी येऊन थांबायचा, नाकपुड्या वर करून. पलीकडे पाणी होतं. त्यांना त्याचा वास येत असणार. शेवटी मी गोदामातला दगडी हौद उचलून कोरड्या भागात ठेवला आणि तो भरायला लागलो. परवानगी कोणाला मागितली नाही.

बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. मग एका धुक्याच्या सकाळी बायकोने गच्चीवरून हाक मारली. एक पाडस हौदात तोंड घालून पीत होतं. त्याच्यामागून दोन माद्या आल्या.

"प्यायले बघा," ती म्हणाली. "आता तरी भांडण सोडा."

"पाणी प्यायले म्हणजे सौदा मानला असं होत नाही."

"अहो, त्यांनी की तुम्ही?"

मोठा निळा नर अजून भिंतीपाशीच होता. धुकं त्याच्या पाठीवरून वाहत होतं, कधी तो दिसायचा, कधी नुसती भिंत. मी भरलेली बादली घेऊन जिना उतरलो.