जोएलचं झाड

माझा नवरा हायरम टिली लाकडं कापायचा. गावात तो वीस वर्षं मान खाली घालून वावरला, कारण त्याचा धाकटा भाऊ जोएल भित्रा ठरला होता.

यादवी युद्धात, आमच्याच व्हर्जिनियातल्या रानात, शत्रूने दिवेलागणीला पश्चिमेकडून हल्ला केला. जोएल पुढच्या रांगेत, एका ओकच्या आडोशाला उभा होता. त्याला गोळी लागली ती पाठीत, आणि तो तिथेच गेला. मागची रांग आमच्याच कॅप्टन पर्डीची. त्या मेल्याच्या जिभेला हाड नव्हतं. गावभर सांगत सुटला, ‘‘पोरगं पळत होतं, मी पाहिलंय!’’

पुढे याच पर्डीला जेवणाच्या टेबलासाठी ओकच्या फळ्या हव्या झाल्या. हायरमने मुद्दाम जोएलचं झाड निवडलं. पाडण्याआधी पूर्वेच्या अंगाला कोळशाने खूण केली. कापलं, तर तेच अंग गोळ्यांनी भरलेलं! करवतीचे दात गेले, पण त्याने एकही गोळी उपटली नाही.

फळ्या पोचवायला मीही गेले. पर्डी खेकसला, ‘‘टिली, हे काळे डाग कसले रे?’’

‘‘शिसं आहे, कॅप्टन. झाडाच्या पूर्वेच्या अंगातलं. पूर्वेला तुमचीच रांग होती ना?’’

पर्डीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने एका डागावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, ‘‘काळोख होता, हायरम. पुढे कोण आहे, काही दिसत नव्हतं.’’

‘‘आणि आमचा जोएल पळताना तेवढा बरा दिसला तुम्हाला!’’