व्याह्यांचा पेपर

आमच्या नांदेडच्या घरात मल्याळी पेपर येतो म्हटलं की गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. येतो तर येतो! सून केरळची. इथं दवाखान्यात नर्स म्हणून आली, माझ्या लेकाला आवडली, लग्न झालं. तिचे वडील लग्नाला आले नाहीत. तीन वर्षं साधा फोन नाही. पण दर आठवड्याला त्यांच्या पक्षाच्या दैनिकाचे सात अंक पोस्टानं यायचे, वर त्यांच्या हातचा पत्ता. ते पक्षाचे जुने कार्यकर्ते, गावातले त्या पेपरचे एजंट. पोरगी गेली तर गेली, पक्ष सुटू नये, असं त्यांचं गणित असावं. मला लई राग यायचा. अहो, लेकीशी दोन शब्द बोललात तर जीभ झिजते का?

गठ्ठा फोडला की सून आधी एक पान काढायची. त्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या रांगाच रांगा. "हे कोण गं एवढे?" मी एकदा विचारलं. "गेलेले, आई. आमच्याकडं रोज असे छापतात." तेव्हापासून मला त्या पेपरातलं तेवढंच वाचता यायचं. रांगेत चेहरा म्हणजे माणूस गेला.

यंदा तिला सातवा महिना लागला आणि गठ्ठे थांबले. एक आठवडा, दोन, तीन. पोस्टमनच्या वेळेला ती दारात जाऊन उभी राहायची. "फोन कर की," म्हटलं तर, "आधी त्यांनी करावा." बाप तशी लेक! चौथ्या आठवड्यात गठ्ठा आला तेव्हा ती ड्युटीवर होती. पत्त्याचं अक्षर वेगळंच. मी तसाच गठ्ठा फोडला. पानं उलटत गेले, आणि एका पानावर रांगेत तिसरे तिचे वडीलच. त्यांचा फोटो तिच्या कपाटावर आहे, रोज पुसते मी. तीच पांढरी मिशी, तोच जाड चष्मा.

कधी न भेटलेल्या व्याह्यासाठी रडले, खरं सांगते. मग डोकं चाललं. सातव्या महिन्यात हिला हे सांगायचं कसं? अबोला धरूनच बाप गेला म्हणून? दीर अर्धापूरहून कच्च्या केळीचा घड देऊन गेले होते. सगळे अंक त्या केळीला गुंडाळले, वर पोतं टाकलं. लेक कामाला लातूरला, शनिवारी यायचा. तो आला की बघू म्हटलं.

शुक्रवारी ती केळी पिकली का बघायला गेली. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले. "वाचू नको गं बाई, माझी शपथ हाय तुला!" पण पान तिच्या हातात. एकदा पानाकडं बघते, एकदा माझ्याकडं. आणि हसायलाच लागली.

"आई, हे गेलेले न्हाईत. जित्ते हायेत सगळे!"

पक्षाचे लोक दरसाल घरोघर हिंडून पेपरला वर्गणीदार मिळवतात म्हणे. ज्यांनी सगळ्यात जास्त मिळवले त्यांचे हे फोटो. "महिनाभर दारोदार हिंडत असतील," ती म्हणाली, "तीन आठवडे गठ्ठा राहूनच गेला, शेवटी बांधायला दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल."

देवा, जीव भांड्यात पडला माझा! आणि लगेच चिडलेही. "दोन दिवस तुझा बाप मेला म्हणून बसलेय मी इथं. खरंच गेला असता तर काय केलं असतंस? लाव फोन!"

तिनं लावला. पहिल्याच घंटेला उचलला. ही नुसती रडून राहिली. मी फोन ओढून घेतला. "मैं इसकी सास बोलती!"

तिकडून घोगरा आवाज आला, "पेपर टाइम पे मिलता?"

तीन वर्षांनी हे विचारायचं! व्याही नसते तर कान उपटला असता. "मिलता," मी म्हणाले. "तीन हफ्ते नहीं आया, तो घर में किसी के गले से रोटी नहीं उतरी."

तिकडं नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बेटी को दो."