कमरेवरची नागीण आणि चौथीची परीक्षा

रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणी विषाणू म्हटलं की माझा हात अजून खडू शोधतो. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. विषाणू म्हणजे फुकट्या पाहुणा, हे माझं ठरलेलं वाक्य. स्वतःची चूल नाही, दुसऱ्याच्या पेशीत घुसायचं, तिच्याच भांड्यात आपली पिलावळ वाढवायची आणि जाताना घर फोडून जायचं. मग शरीराची फौज यायची. एकदा ओळखलेल्या चोरासाठी रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, शरीर त्याला जन्मभर विसरत नाही, असं मी इतक्या ठसक्यात सांगायचो की जणू ती प्रतिपिंडं मीच घरी बसून केली होती.

त्याच मास्तराच्या कमरेवर यंदा उन्हाळ्यात नागीण उठली.

नागीण म्हणजे जुन्या कांजिण्यांचीच उधारी. लहानपणी कांजिण्या येऊन जातात असं आपण म्हणतो, पण विषाणू जात नाही. मज्जातंतूच्या मुळाशी गप पडून राहतो आणि वय झालं, फौज थकली, की त्याच वाटेनं फोड घेऊन वर येतो. आमच्या मंगळवार पेठेत मात्र निदान वेगळं. कमरेला वळसा घालून नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस खलास. कोडोलीत एक म्हातारबा गेरू मंतरून लावतो, त्याच्याकडं जावा, असं चौघांनी सुचवलं. मी सगळ्यांना हसलो. आणि रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून, आरशात पाठ वळवून, दोन टोकांत किती अंतर राहिलंय ते बघत होतो.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, घरात कोण कोण असतं? बायको म्हणाली, लेक आलीय पहिल्या बाळंतपणाला, आठवा महिना. त्यांचं पेन थांबलं. नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून दुसऱ्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि बाळंतपणाच्या तोंडावर आईला झाल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तिला लहानपणी येऊन गेल्यात का?

"न्हाय," बायकोनं माझ्याआधी सांगितलं. "आख्ख्या वर्गाला आल्या, आमच्या पोरीला तेवढ्या न्हाय."

हे वाक्य तिनं वीस वर्षं हळदीकुंकवाला अभिमानानं सांगितलेलं होतं. चौथीच्या वर्षी सगळी पोरं झोपली, आमची एकटी उभी, कारण दर रविवारी कारल्याचा रस. तेच वाक्य त्या दिवशी तोंडातून निघालं आणि तिचा चेहराच पडला. घरी येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं, लेकीला संध्याकाळच्या आत सांगलीला सासरी पाठवायचं. माहेरी आलेली लेक आठव्या महिन्यात परत! लेक पलंगावर बसून रडायला लागली. रक्त तपासून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते, पण बायकोला उद्यापर्यंतही दम नव्हता. पिशव्या भरायला लागली.

आणि मला तर सगळं ठाऊक होतं.

चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा. वर्षभर मी पोरीला घोकून घेतलेलं. परीक्षेच्या सकाळी तिच्या पोटावर चार फोड दिसले, एक कानामागं. पाण्यानं भरलेले, लालसर कडेचे, माझ्या पुस्तकात होते अगदी तसे. मी म्हटलं, डास चावलेत. पावडर लावली, केस कानावर ओढले आणि स्कूटरवर घातली. मास्तराचीच पोरगी परीक्षेला बसली नाही तर लोक काय म्हणतील! शेजारच्या शिंप्याची पोरगीही तिच्याच वर्गात, तिला त्याच स्कूटरवर मध्ये बसवली. स्कॉलरशिप काही मिळाली नाही. फोड चार दिवसांत सुकले, आणखी आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी शिंप्याची पोरगी अंगभर फुलली, मागोमाग वर्ग रिकामा झाला. आमची एकटी उभी राहिली, कारण वर्गात कांजिण्या तिनंच आणल्या होत्या.

बायकोला पिशव्या भरायचं थांबवून, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी हे दोघींना सांगितलं.  बायकोनं एवढंच विचारलं, म्हणजे कारल्याचा काही उपयोग झाला नव्हता? लेकीनं डोळे पुसले आणि म्हणाली, पावडरीचा वास मला अजून आठवतो.

डॉक्टरांनी माझा कबुलीजबाब फाईलला लावला नाही. रक्तच तपासलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, प्रतिपिंडं भरपूर. जे मी पावडरीखाली झाकलं होतं ते पोरीच्या रक्तानं वीस वर्षं बिनचूक लक्षात ठेवलेलं. लेक राहिली, पिशव्या रिकाम्या झाल्या. खपल्या धरेपर्यंत माझं ताट, टॉवेल, खोली वेगळी.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण एक गोष्ट मी स्वयंपाकघरात सांगितली नव्हती.

शिंप्याची बायको त्या परीक्षेच्या आठवड्यात माहेरी, नेसरीला, भावाच्या निकाहाला पोरीला घेऊन गेली होती. पोरगी तापली तशी सासूनं घर डोक्यावर घेतलं, लग्नात मिरवायला नेली आणि रोग घेऊन आली. मी शहाळी घेऊन बघायला गेलो, तर सासूनं शिकलेला माणूस म्हणून मलाच विचारलं. मी म्हणालो, गर्दीत विषाणू पसरतोच. वाक्य पुस्तकातलं, शंभर टक्के खरं. त्यानंतर त्या सासूनं जिवंत असेपर्यंत नेसरीच्या एकाही कार्याला सुनेला जाऊ दिलं नाही. विषय निघाला की म्हणायची, मास्तरांनीच सांगितलंय.

खपल्या पडून गेल्यावर मी शेजारी गेलो. शिंप्याची बायको मशीनवर बसली होती, आमच्या येणाऱ्या नातवंडासाठी झबलं शिवत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. स्कूटर, पावडर, शहाळी, ते वाक्य. 

तिनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"मास्तर, माझी सासू जाऊन धा वर्सं झाली," ती म्हणाली. "तिला सांगाय पायजे हुतं की."

मग तिनं दोरा दातानं तोडला, झबल्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.