थोरले साडू आणि कमठाण्याचा कॉम्प्युटर

बंद पडलेली वस्तू बंदच राहू द्यावी, असा विचार आमच्या थोरल्या साडूंच्या मनात जन्मात एकदाही आलेला नाही. औरादला ते शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी सासरच्या सगळ्या गोतावळ्यातले पंखे, मिक्सर आणि शिलाई मशिनी आपल्या देखरेखीखाली घेतल्या. तशी कोणी विनंती केलेली नव्हती. आले की आधी यंत्राची पूर्ण हकीकत विचारणार: कधीपासून, कोणाच्या हातून, त्याआधी घरात भांडण झालं होतं का. मग घड्याळ खिशात, बाह्या वर, आणि काम होईपर्यंत चहाला शिवायचं नाही. माझ्या नौबादच्या घरी गिझरपायी ते सकाळपासून दुपारपर्यंत बिनचहाचे राहिले. शेवटी वीजच गेलेली आहे हे लक्षात आलं, तेव्हा सलग तीन कप प्यायले. उरलेले स्क्रू ते सुपारीच्या डबीत ठेवतात. "कंपनीवाले जास्तीचेच घालतेत," असं त्यांचं मत आहे. आणि एखादी वस्तू खरोखरच सुरू झाली, तर तिची गोष्ट पुढचं वर्षभर लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही आम्ही ऐकलेली आहे.

आमचे सासरे कमठाण्याला राहतात. मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि सध्याचा पत्ता ते रोज सकाळी त्यात एका बोटाने टाइप करतात. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचे साडूंना फोन येऊ लागले, की अक्षरं फिकी पडायलीत. साडू औरादहून फोनवरच ब्राइटनेस वाढवायला सांगायचे. वाढवून वाढवून तो शेवटच्या काडीपर्यंत गेला. दिवाळीनंतर मात्र एका सकाळी पडदा काळाच राहिला. आत पंखा फिरतोय, दिवा लागतोय, चित्र नाही. साडूंनी मला टॉर्च धरायला बोलावून घेतलं.

त्यांनी केबल काढून बसवल्या. डबा उघडून आतली धूळ सासऱ्यांच्या दाढीच्या ब्रशने झाडली. रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दात शाळकरी खोडरबराने घासले आणि पट्टी परत बसवली, तर यंत्राने तीनदा टीं असा आवाज केला. साडूंनी डब्याला कान लावला. "बोलायलंय," ते म्हणाले, "म्हणजे जीव हाय." दुसऱ्या खेपेला पट्टी नीट बसली आणि पडदा उजळला. नावांची यादी उघडली, एकूण एक नाव जागेवर. साडूंनी बाह्या खाली घेतल्या, चहा टाकायला सांगितला आणि सासऱ्यांना हाक मारली.

सासरे खुर्चीत बसले. पुढे वाकले. धोतराच्या सोग्याने काच पुसली, पुन्हा वाकले.

"जावईबापू, अजून धुकंच हाय की. अक्षर कामून उठंना?"

मी दाराशी उभा होतो आणि तिथूनही मला पहिलं नाव वाचता येत होतं. मी तोंड उघडलं, तसा साडूंनी माझा टॉर्चचा हात दाबला. त्यांचं लक्ष सासऱ्यांच्या डोळ्यांकडे होतं.

"व्हय मामा," ते म्हणाले. "मला न्हाई जमलं. काचंत दोष दिसायलाय. उद्या बिदरला दाखवू. तुमची वस्तू हाय, तुम्हीबी चला."

चहा आला. साडूंनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर चादरीत गुंडाळून साडूंनी जीपमध्ये मांडीवर घेतला. बिदरला पोहोचल्यावर, दुकान उघडायला अवकाश आहे, तोवर डोळे तपासून घेऊ, असं सांगून सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. बाकावर पेशंटांच्या रांगेत मॉनिटरही बसला. शेजारच्या बाईंनी त्याला जागा करून दिली.

डॉक्टरांनी साडूंना आणि मला बाजूला घेतलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, निघेल. डाव्याची नस मात्र सुकली आहे. आधी आणलं असतं तर काही उरलं असतं. किती आधी, असं साडूंनी विचारलं. चार-सहा महिने, डॉक्टर म्हणाले. साडू बाहेर येऊन मॉनिटरशेजारी बसले.

"मी ब्राइटनेस वाढवा म्हणायलो होतो," ते मला म्हणाले. आणि मॉनिटरची सुटलेली चादर पुन्हा गुंडाळू लागले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्याच आठवड्यात, दुकानातून दुरुस्त होऊन आला असं सांगून, मॉनिटरही कमठाण्याला परत गेला. सासरे आता अक्षर एवढं मोठं ठेवतात की पडद्यावर चारच नावं मावतात, पण यादी चालू आहे. आल्या-गेल्याला ते कौतुकाने सांगतात, की बिदरच्या दुकानदाराने काच अशी साफ करून दिली बघा. आमच्या जावयाला काही ते जमलं न्हाई. खरी गोष्ट मला ठाऊक आहे, म्हणून मी साडूंकडे बघतो. ते माझ्याकडे बघत नाहीत. व्हय, म्हणतात, मला न्हाई जमलं, आणि आपली खुर्ची उचलून सासऱ्यांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवतात.