रिकामं मोजलं का?

दारव्ह्याचे करीमभाई घड्याळजी काहीही मोजण्याआधी मोजणाऱ्या वस्तूलाच तपासत. किराणा घ्यायला गेले की आधी रिकाम्या तराजूकडे बघत, आणि दुकानदार चुळबुळ करू लागेपर्यंत बघत राहत. “पयले रिकामं मोजा,” हे त्यांचं पालुपद.

मी यवतमाळला मुलांना मायक्रोकंट्रोलरच्या चिपवर प्रोग्राम लिहायला शिकवतो. बोरी अरबजवळच्या एका गावच्या शंकरपटासाठी करीमभाईंनी इलेक्ट्रॉनिक घडी करायला घेतली, तेव्हा प्रोग्राम लिहायला त्यांनी मला गाठलं. या शर्यतीत एका वेळी एकच बैलजोडी धावते आणि सगळा निकाल घडीवर. शेवटच्या रेषेवरचा प्रकाशकिरण बैलांनी तोडला की घडी थांबायची.

पटाच्या सकाळी त्यांनी विचारलं, “मास्तर, रिकामं मोजलं का? तुमच्या प्रोग्रामले सोताले किती वेळ लागते?”

“मोजलं,” मी ठोकून दिलं. मोजलं नव्हतं. एवढ्या वेगवान चिपला असा कितीसा वेळ लागणार, अशी माझी घमेंड होती.

तांड्यावरच्या हिरामणची जोडी गावातल्या दादारावांच्या जोडीपेक्षा दोन शतांश सेकंदांनी पुढे ठरली. गुलाल उधळला, पहिल्या नंबरची ढाल हिरामणच्या खांद्यावर चढली. करीमभाई मात्र घडीच्या फळ्यावरचे आकडे निरखत राहिले.

सोमवारी त्यांनी दुकानात माझ्यासमोर ऑसिलोस्कोप ठेवला, विजेची चालू-बंद पडद्यावर वेळेसकट दाखवणारं यंत्र. माझ्याकडून प्रोग्राममध्ये दोन ओळी घालून घेतल्या: फळ्यावर आकडे लिहिण्याआधी चिपची एक पिन चालू, लिहून झाल्यावर बंद. पडद्यावर चार शतांश सेकंद दिसले. तेवढा वेळ चिप आकडे लिहिण्यात गुंतलेली असायची आणि किरणाकडे बघतच नसायची. म्हणजे दोन शतांशांच्या फरकात कोण जिंकलं, हे आमच्या घडीला सांगताच येत नव्हतं.

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. करीमभाई एवढंच म्हणाले, “चला, सांगून येऊ.”

गावात हिरामण भडकला. “ढाल परत मांगून राह्यले का? काहून?”

“घडी मायी, गलती मायी,” करीमभाई हात जोडून म्हणाले. चाळीस वर्षं कमावलेलं नाव त्यांनी चारचौघांत उतरवून ठेवलं. मी शेजारी उभा होतो आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेवटी ढाल सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, असं ठरलं. परतीच्या जीपमध्ये ते मला एका शब्दानं बोलले नाहीत; त्यांनी माझं तिकीटही काढलं.

प्रोग्राम मी त्याच आठवड्यात सुधारला. पण त्या पटानंतर लोक करीमभाईंच्या दुकानात येऊन, “चाचा, या घडीचा भरवसा हाये ना?” असं हसत विचारायचे. ते ऐकताना माझी मान खाली जायची.

यंदा करीमभाई गेले. मातीला हिरामण आणि दादाराव एकाच गाडीतून आले होते. कब्रस्तानाबाहेर मी दोघांना थांबवलं आणि सांगून टाकलं, “चूक माझी होती. प्रोग्राम माझा होता.”

हिरामणनं डोळे पुसले. “आमाले तवाच समजलं होतं, मास्तर. करीमभाईले प्रोग्राम कुठी लिहता येत होता?”

चार शतांश सेकंदांची चूक कबूल करायला मला तीन वर्षं लागली होती.