हिल्त्येचा हिरवा

हिंडेलोपेन या मासेमारांच्या गावी धक्क्यामागे, चर्चच्या सावलीत, हिल्त्ये लाकडी सामान रंगवायची. नवरा समुद्राने नेला तेव्हापासून घर ब्रशावरच चाललं होतं. गावातल्या पाळण्यांवर, फडताळांवर तिच्याच हातची फुलं. शिकायला येणाऱ्या मुलींना ती सांगे, "रंग कधी एकटा नसतो गं. शेजारी कोण बसलंय त्यावर त्याचं तोंड ठरतं. राखाडीजवळ लाल ठेवा, राखाडी हिरवट दिसायला लागेल."

मग तिच्या लेकीचं, आफ्केचं लग्न ठरलं, आणि तेही डाउवेशी. डाउवे मासेमार. "समुद्रावर जाणारा जावई मला नको," असं हिल्त्येने बजावलं होतं. सबंध हिवाळा मायलेकी जेवणाआधीच्या प्रार्थनेपुरत्याच एकत्र बोलल्या. अखेर आईनेच माघार घेतली आणि लग्नाची पेटी रंगवायला घेतली. आफ्केला हवी तशी: हिरवी जमीन, पांढरे वेल, मधूनमधून लाल फुलं.

रंगवलेल्या पेटीवरचं फडकं काढलं तेव्हा आफ्केचा चेहरा उतरला.

"ही निळी आहे, आई."

"हिरवी आहे."

"निळी! पांढऱ्या वेलांची निळी, दुखवट्याची! अजून बायको झाले नाही, तोच विधवा करून ठेवलंस मला?"

"आफ्के, देवाची शपथ…"

"देवाला मध्ये आणू नकोस. तोंडाने हरलीस, म्हणून ब्रशाने बोललीस! आता लग्नाला येऊही नकोस."

हिल्त्ये पेटीकडे बघत राहिली. तिला रंग हिरवाच दिसत होता. पण यंदा बर्फही लोण्यासारखा पिवळट दिसला होता, आणि पाद्रीबाबांची गळपट्टी धुतलेली नाही, असं वाटून तिने मनातल्या मनात त्यांच्या बायकोला नावं ठेवली होती. गप्प राहिलं तर लेक जाते. बोललं तर ब्रश जातो. तिने डोळे मिटून प्रभूचं नाव घेतलं.

"फळीवरच्या निळ्याच्या आणि हिरव्याच्या वाट्या आण. कुठली कुठली ते सांगू नकोस."

दोन्ही वाट्या तिने खिडकीशी नेल्या. खूप वेळ पाहिलं.

"हा हिरवा."

आफ्केने ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "तो निळा आहे गं."

"डोळ्यांवर पिवळा पडदा आलाय. निळ्यात तो मिसळतो आणि मला हिरवा दिसतो. त्यात शेजारी ही लाल फुलं, त्यांनी आणखीच हिरवा केला."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला नुसता संशय होता. आणि तुझ्या तोंडात तीळ भिजतो का? दुपारपर्यंत सगळ्या धक्क्यावर झालं असतं."

आफ्के हसली, आणि हसता हसताच तिला रडू आलं. मग ती बाह्या सरसावून निळ्यात पिवळा कालवायला लागली.

"अजून घाल," हिल्त्ये म्हणाली. "मला विचारू नकोस, फुलाजवळ लावून बघ. तुला दिसतंय."

पहिला हात मारून झाल्यावर आफ्केने वर न बघता विचारलं, "डोळे चांगले असते तर हिरवीच केली असतीस?"

हिल्त्येने पेटीच्या अजून निळ्या असलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"केली असती. पण मनातून निळीच राहिली असती पोरी. तो समुद्रावर जातो तोवर माझी भीती कुठे जाते?"

आफ्केचा ब्रश चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी हिल्त्येने एका शेजारणीचा अर्धा रंगवलेला पाळणा उचलला आणि स्वतः तिच्या दारात नेऊन ठेवला. "दुसऱ्या कुणाकडून पुरा करून घे," ती म्हणाली. "मला आता रंग ओळखता येत नाहीत."